डीफ्रॅगला दाद न देणाऱ्या फाइल्स : सॉफ्टवेअर बदलण्याआधी फाइल कुणाच्या ताब्यात आहे ते बघा

रात्रभर डीफ्रॅग (म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे आणून सलग ठेवणं) चालू ठेवलं, सकाळी येऊन बघितलं तर बाकी सगळं झालंय पण दहा-पंधरा फाइल्स जशाच्या तशा तुकड्यांत पडल्यात, आणि खाली यादी आलीये की या फाइल्स हलवता आल्या नाहीत. मग माणूस काय करतो तर दुसरं सॉफ्टवेअर डाउनलोड करतो, तेही रात्रभर चालवतो, परत तीच यादी. "अण्णा, तीन तीन डीफ्रॅग लावून बगितलं की, तरी ते तसंच हाय" हे वाक्य आमच्या सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुणीही ऐकलेलं असणार, कारण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या ऑफिसांत, भुसार बाजारात, शाळांच्या लॅबमध्ये अजून ते जुने असेंबल केलेले पीसी चालूच आहेत, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, त्यावर टॅली, जकार्डची (विणताना कापडावर उठणाऱ्या नक्षीची) डिझाइनं, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि मालकाच्या पोराचे पिक्चर, सगळं एकाच ड्राइव्हवर. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक चाळणी लावून घ्या. तुमच्या मशीनमध्ये एसएसडी असेल तर यातलं जवळजवळ काहीच तुम्हाला करायचं नाहीये. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तुकडे कुठेही असले तरी वाचायला जवळपास सारखाच वेळ लागतो, आणि विनाकारण इकडचं तिकडे लिहून तुम्ही तिचं आयुष्य खाता. विंडोज ८ पासून त्या टूलचं नावच "ऑप्टिमाइझ ड्राइव्हज" झालं, ते स्वतःच ओळखतं की ही एसएसडी आहे का हार्ड डिस्क आणि एसएसडी असेल तर मुख्यतः ट्रिमचा आदेश पाठवतं, म्हणजे कुठली जागा आता रिकामी धरायची ते डिस्कला कळवतं. ते त्याचं काम त्याला करू द्या, बाहेरचं डीफ्रॅग टूल आणून एसएसडीवर चालवू नका, बास. पुढचं सगळं फिरत्या हार्ड डिस्कबद्दल.

फिरत्या डिस्कवर तुकड्यांचा त्रास का होतो याचा हिशोब एकदा करून बघितला की पुढचे निर्णय सोपे जातात. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदाची. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदाच्या आसपास, आणि हेडला त्या ट्रॅकवर पोचायला आणखी समजा ९ मिलिसेकंद. तर एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर उडी मारायला धरा १३ मिलिसेकंद. आता १०० एमबीची फाइल एकसलग असेल तर सेकंदाला १०० एमबी वाचणारी डिस्क ती एका सेकंदात वाचून मोकळी होते. तीच फाइल १००० तुकड्यांत असली की वरून १३ सेकंद नुसत्या उड्या मारण्यात जातात. पण तीच फाइल दोन-तीन तुकड्यांत असेल तर? फरक पडतो पण तो तुमच्या लक्षातसुद्धा येणार नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी उत्तर "राहू दे तसंच" असं येणार आहे.

आता हलवता न येणं म्हणजे काय. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा होम मैदानावर भरतो तेव्हाचं चित्र डोळ्यापुढे आणा, स्टॉल लागलेत, मधे मधे जागा सुटल्यात आणि एकाला सलग मोठी जागा पाहिजे. खेळण्याचा स्टॉल उचलून चार हात सरकवता येतो, पण ज्या पाळण्यात माणसं बसलीत आणि जो गरगर फिरतोय तो सरकवता येत नाही, आधी थांबवावा लागतो, माणसं उतरवावी लागतात. आणि वायरमनने जिथे मेन लाइन आणून डबा बसवलाय तो डबा तर यात्रा संपेपर्यंत हलतच नाही, कारण बाकी सगळ्यांच्या वायरी तिथूनच गेल्यात. डिस्कवर पण हे तीन प्रकार आहेत, सहज हलणारे, मालकाने थांबवल्यावर हलणारे, आणि विंडोज चालू असताना न हलणारे. डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर कुठलंही आणा, बहुतेक सगळी विंडोजलाच विनंती करतात की अमुक फाइलचा अमुक तुकडा तिकडे ठेव. ही सोय विंडोज एनटी ४.० पासून एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायच्या विंडोजच्या पद्धतीत आहे. विंडोजच "नाही" म्हणालं तर सॉफ्टवेअरचं नाव बदलून उपयोग काय? म्हणून मी म्हणतो, आधी फाइल कुणाच्या ताब्यात आहे ते शोधायचं, त्याला सोडायला लावायचं, मग डीफ्रॅग.

इथे एक गैरसमज लई पसरलाय की उघडी असलेली फाइल डीफ्रॅग होतच नाही. जुन्या विंडोजमध्ये बऱ्याच अंशी तसं होतं, आणि विंडोज ९८ वाल्यांना तर आठवत असेल, स्क्रीनसेव्हर आला किंवा कुठल्या प्रोग्रामने काही लिहिलं की "ड्राइव्हमधला मजकूर बदलला, पुन्हा सुरू करतोय" म्हणून पहिल्यापासून सुरुवात, ते रंगीत चौकोन बघत बसलेली आख्खी पिढी आहे. आताच्या विंडोजवर एनटीएफएस बऱ्याच उघड्या फाइल्ससुद्धा हलवू शकते, प्रोग्रामला पत्ता लागत नाही. आधी मजकूर नव्या जागी लिहिला जातो आणि मग फाइलच्या नोंदीतला पत्ता बदलला जातो, आणि ती नोंद बदलण्याआधी लॉगमध्ये टिपली जाते, त्यामुळे मधेच लाइट गेली तरी सहसा फाइल अर्धवट राहत नाही. सहसा म्हणतोय हां, आपल्याकडे मे महिन्यात लाइट कशी जाते-येते ते माहितीये, यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर रात्रभराचं डीफ्रॅग लावूच नका, आणि बॅकअप घेतल्याशिवाय तर अजिबात नाही.

तर मग अडतं कुठे? एकेक बघू.

पहिला नंबर पेजफाइलचा, सी ड्राइव्हवर लपलेली पेजफाइल डॉट सिस. रॅम कमी पडली की विंडोज रॅममधला न लागणारा भाग इथे आणून टाकतं. ४ जीबी रॅमच्या मशीनवर क्रोम आणि टॅली एकदम उघडलं की ही फाइल दिवसभर राबत असते. विंडोज चालू आहे तोवर ती मेमरी मॅनेजरच्या ताब्यात, कुणालाही हात लावू देत नाही. आणि साइझ "ऑटोमॅटिक" ठेवली असेल तर ती गरजेप्रमाणे फुगते, फुगताना जिथे जागा मिळेल तिथे तुकडा घेते, भरलेल्या डिस्कवर तर काय विचारूच नका. हिला डीफ्रॅग करायच्या भानगडीत पडण्यापेक्षा ती मोडून नवीन बनवणं सोपं. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, मग परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, परत ॲडव्हान्स्ड, तिथे व्हर्च्युअल मेमरी. ऑटोमॅटिकची टिक काढायची, "नो पेजिंग फाइल" निवडायचं, सेट दाबायचं (हे सेट दाबायला लोक विसरतात आणि मग झालंच नाही म्हणून ओरडतात), रिस्टार्ट. आता ती फाइल नाहीच, तिची जागा मोकळी. आता डीफ्रॅग चालवा. झालं की परत तिथेच जाऊन कस्टम साइझ, इनिशियल आणि मॅक्सिमम दोन्ही सारखेच आकडे टाका, म्हणजे ती एकदाच सलग जागा घेऊन बसेल आणि फुगणार-आक्रसणार नाही. मात्र मधल्या वेळेत, पेजफाइल बंद असताना, बाकीचं काही उघडू नका, कमी रॅमवर मशीन लगेच "मेमरी संपली" म्हणून रडतं. आणि मोकळी जागा तुकड्यांत असताना नवी पेजफाइल बनवली तर ती पण तुकड्यांतच बनणार, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे, आधी डीफ्रॅग मग नवीन फाइल.

माझं मत विचाराल तर पेजफाइलचे पाच-सहा तुकडे असतील तर एवढी उठाठेव करू नका. विंडोज त्यात वाचतं-लिहितं तेच मुळी छोट्या छोट्या घासांनी, एकसलग २ जीबी वाचायची वेळ क्वचितच येते. शेकडो तुकडे दिसले तरच. आणि खरं औषध म्हणजे ४ जीबीची आणखी एक जुनी रॅम स्टिक टाकणं, पेजफाइलला फारसा हात लागणार नाही.

दुसरी हायबरफिल डॉट सिस. हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम तसंच ठेवून मशीन झोपवताना, रॅममधलं सगळं हिच्यात ओतलं जातं. विंडोज ७ मध्ये ही साधारण रॅमच्या ७५ टक्के असायची, विंडोज १० मध्ये आपोआप ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर तीन जीबीच्या वर गेलीच. ही हलत नाही त्याचं कारण मजेशीर आहे, मशीन झोपताना आणि उठताना विंडोजची नेहमीची फाइल सिस्टीम चालू नसते, त्यामुळे डिस्कवर नेमकं कुठे लिहायचं ते पत्ते आधीच काढून ठेवलेले असतात, आणि मधेच कुणी फाइल सरकवली तर सगळा घोळ. इलाज सोपा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवर-सी-एफ-जी हा शब्द सलग टाइप करून, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. फाइल गायब. परत पाहिजे असेल तर डीफ्रॅगनंतर त्याच कमांडमध्ये ऑफच्या जागी ऑन. ज्या ऑफिसात संध्याकाळी सरळ शटडाउन करून घरी जातात तिथे हायबरनेट कशाला पाहिजे असं वाटेल, पण विंडोज ८ पासून जे "फास्ट स्टार्टअप" आलंय ते याच फाइलवर चालतं, त्यामुळे कायमचं बंद केलं तर सकाळी मशीन सुरू व्हायला जास्त वेळ लागेल. जुन्या हार्ड डिस्कवर तो फरक जाणवतो. मी परत चालू करतो.

तिसरं प्रकरण मोठं आहे आणि लोकांना दिसतच नाही, कारण ते फोल्डर उघडता येत नाही. सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन. सिस्टीम रिस्टोरचे पॉइंट (काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत न्यायची सोय) आणि शॅडो कॉपी इथे साठतात, कधी कधी दहा-वीस जीबी. शॅडो कॉपी म्हणजे डिस्कवरचा एखादा भाग बदलायच्या आधी त्याची जुनी प्रत बाजूला काढून ठेवणं, आणि हे सगळं १६ केबीच्या ठोकळ्यांनी चालतं. आता एनटीएफएसचा नेहमीचा क्लस्टर, म्हणजे जागा वाटायचा सगळ्यात छोटा ठोकळा, असतो ४ केबीचा. डीफ्रॅग जेव्हा ४-४ केबीचे तुकडे इकडून तिकडे करतं तेव्हा शॅडो कॉपीवाल्याला वाटू शकतं की मजकूर बदलला, लगेच तो जुनी प्रत काढून ठेवतो, म्हणजे तुम्ही डीफ्रॅग करताय आणि त्याच वेळी हे फोल्डर फुगतंय, नवीन तुकडे तयार होतायत, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की जुने रिस्टोर पॉइंट आपोआप उडतात. म्हणून मायक्रोसॉफ्टचाच सल्ला होता की शॅडो कॉपी वापरायची आणि डीफ्रॅगही वारंवार करायचं असेल तर ड्राइव्ह फॉरमॅट करतानाच १६ केबी किंवा मोठा क्लस्टर घ्या. आपल्याला आता त्यासाठी फॉरमॅट मारायचं नाहीये. सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये जा, तो ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगर, तिथे जुने रिस्टोर पॉइंट डिलीट करायचं बटण आहे, आणि डीफ्रॅग होईपर्यंत प्रोटेक्शन बंद. झाल्यावर चालू करून लगेच एक नवीन रिस्टोर पॉइंट बनवा. हे करायच्या आधी मशीन नीट चालतंय ना ते बघा, कारण जुने पॉइंट एकदा गेले की गेले, आणि त्याच आठवड्यात एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर मागे जायला रस्ता नाही.

एमएफटी आणि तिचे भाऊबंद ही मेन लाइनच्या डब्याची जात. एमएफटी म्हणजे एनटीएफएसची आख्खी हजेरीवही, प्रत्येक फाइलची तिच्यात सहसा १ केबीची नोंद, लाखभर फाइल्स असतील तर वहीच १०० एमबीची. अगदी चिमुकल्या फाइल्सचा तर मजकूरसुद्धा त्याच नोंदीत मावतो, बाहेर वेगळी जागाच लागत नाही. विंडोज एक्सपीपासून एमएफटीचा बराचसा भाग हलवता येतो पण सुरुवातीचा भाग चालू विंडोजमध्ये हलत नाही, कारण बाकी सगळं शोधायची सुरुवातच तिथून होते. शिवाय वही एकदा फुगली की फाइल्स डिलीट करून आक्रसत नाही, रिकाम्या नोंदी पुढच्या फाइल्ससाठी ठेवल्या जातात. लॉगफाइल, बिटमॅप (कुठली जागा भरलेली आणि कुठली मोकळी त्याचा तक्ता), खराब सेक्टरची यादी, हे पण त्याच घरचे. यांचे दोन-चार तुकडे रिपोर्टमध्ये दिसतात आणि काही लोक ते शून्यावर आणायच्या मागे लागतात. नका लागू. काहीही मिळत नाही त्यातनं.

इथपर्यंत विंडोजच्या फाइल्स झाल्या. ऑफिसांत खरा वेळ खातात त्या तुमच्या स्वतःच्या फाइल्स, आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

सगळ्यात साधं कारण म्हणजे जागाच नाही. ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी दिसते पण ती हजार ठिकाणी विखुरलेली, आणि तुमची बॅकअपची एकच फाइल ४० जीबीची, ती सलग ठेवणार कुठे? एक्सपीच्या काळात डीफ्रॅगर स्पष्टच सांगायचा की निदान १५ टक्के जागा मोकळी पाहिजे. आजही तो आकडा धरून चालायला हरकत नाही. ९५ टक्के भरलेल्या ड्राइव्हवर डीफ्रॅग लावणं म्हणजे नुसता वीजबिलाला हातभार. आधी पिक्चर, जुन्या इन्स्टॉलेशनच्या फाइल्स, तीच तीच डिझाइनं "फायनल", "फायनल नवीन", "फायनल शेटनी बघितलेलं" अशा नावांनी पडलेली, ती दुसऱ्या डिस्कवर काढा.

मग त्या फाइल्स ज्या थोड्या थोड्या वाढतात. मेलची पीएसटी फाइल, अकाउंटचा डेटा, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, टॉरेंटने उतरवलेलं काहीही, विंडोजच्या सर्चची विंडोज डॉट ईडीबी. आज दोन एमबी वाढली, मधल्या काळात शेजारची जागा दुसऱ्या फाइलने घेतली, उद्याचे दोन एमबी लांब कुठेतरी. वर्षभरात हजारो तुकडे. यांना डीफ्रॅग करता येतं, पण चालू असताना केलं तर एकीकडे डीफ्रॅग आवरतंय आणि दुसरीकडे तो प्रोग्राम पसरतोय. म्हणून संध्याकाळी आउटलुक पूर्ण बंद, अकाउंटचं सॉफ्टवेअर बंद आणि सर्व्हरवर असेल तर बाकीच्या मशीनवरूनही बंद, क्लाउडचं सिंक थांबवलेलं, अँटीव्हायरसचं स्कॅन त्या वेळेला लागलेलं नाही ना ते बघितलेलं, आणि मग डीफ्रॅग. तरीही कुणीतरी धरून बसलंय असं वाटलं तर सेफ मोडमध्ये जाऊन करा, तिथे बाहेरचे बहुतेक प्रोग्राम सुरूच होत नाहीत. सर्चची ईडीबी फाइल मात्र आवरत बसू नका, इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन रिबिल्ड मारा, जुनी जाते, नवी बनते, फक्त मोकळी जागा आधी सलग करून घ्या. टॉरेंट वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये आधीच पूर्ण जागा अडवून ठेवायचा पर्याय असतो तो चालू करावा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

एकच हट्टी फाइल असेल तर त्यासाठी आख्खा ड्राइव्ह ढवळायची गरज नाही. सिसइंटर्नल्सचं कॉन्टिग नावाचं फुकट आणि छोटंसं टूल आहे, कमांडवर चालतं, फाइलचं नाव दिलं की तेवढीच सलग करायचा प्रयत्न करतं, किती तुकडे आहेत ते नुसतं दाखवतंही. सिसइंटर्नल्स म्हणजे मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, त्यामुळे विश्वासाचं आहे, कुठल्यातरी चकचकीत जाहिरातीवाल्या "पीसी बूस्टर"सारखं नाही. त्यांचंच पेजडीफ्रॅग नावाचं एक टूल होतं, मशीन सुरू होतानाच, कुणी ताबा घेण्याआधी, पेजफाइल आणि रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथे असतात त्या, फाइल्स आवरायचं. ते विंडोज २००० आणि एक्सपीच्या जमान्यातलं, आता नव्या विंडोजवर ते लावू नका.

आणि टूलशिवायचा जुना उपाय, जो मला अजूनही सगळ्यात भारी वाटतो. फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, उघडून नीट आहे ना ते तपासा, मूळ डिलीट करा, ड्राइव्हवर डीफ्रॅग चालवून मोकळी जागा सलग करा, आणि फाइल परत आणा. हे का चालतं, तर कॉपी करताना विंडोजला फाइलची एकूण साइझ सुरुवातीलाच माहीत असते, त्यामुळे एनटीएफएस एवढी मोठी सलग जागा आहे का ते शोधून तिथे ठेवते, तेच प्रोग्राम थोडं थोडं लिहीत गेला तर तिला पुढचं काहीच माहीत नसतं. अतिशय तुकडे झालेल्या मोठ्या फाइल्सना तर हाच उपाय बरा, कारण तुकडे लाखांत गेले की ते कुठे कुठे आहेत याची यादीच एका नोंदीत मावेना होते, यादीची यादी करावी लागते, आणि त्या यादीलाही वरची मर्यादा आहे. मर्यादा गाठली की फाइल पुढे वाढतच नाही, "फाइल सिस्टीमच्या मर्यादेमुळे काम पूर्ण झालं नाही" असा एरर येतो आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. मोठ्या डेटाबेसवाल्यांना हा ६६५ नंबरचा एरर ओळखीचा असेल.

कॉम्प्रेस केलेल्या फाइल्स हा आणखी एक छुपा प्रकार. जागा वाचवायला कुणीतरी कधीतरी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉम्प्रेसची टिक लावलेली असते, किंवा एक्सपीच्या डिस्क क्लीनअपने "जुन्या फाइल्स कॉम्प्रेस करू का" विचारलं आणि हो म्हटलं गेलं. एनटीएफएस अशी फाइल ६४-६४ केबीच्या गठ्ठ्यांत दाबते, मजकूर बदलला की गठ्ठ्याची साइझ बदलते, जुन्या जागेत मावत नाही, दुसरीकडे जातो. जुन्या विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये अशी नावं निळ्या अक्षरात दिसतात, विंडोज १० मध्ये आयकॉनवर दोन निळे बाण दिसतात. रोज बदलणाऱ्या फाइल्सवरची ती टिक काढून टाका, वर्षानुवर्षं नुसत्या पडून असलेल्यांवर राहू दे.

आता जरा गंभीर. एखादी फाइल हलत नाही एवढंच नाही तर तिथे आल्यावर डीफ्रॅग अडकतं, मशीन गोठतं, डिस्कमधून टक टक आवाज येतो, तर तो हट्ट नाही, तिथला भाग वाचताच येत नाहीये. डीफ्रॅग ताबडतोब थांबवा. डिस्कला आणखी पळवायची नाही. आधी महत्त्वाचा डेटा बाहेर काढा, मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या टूलमध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा, रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर (संशयित) हे दोन शून्याच्या वर जाऊन रोज वाढतायत म्हणजे डिस्क चालली. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, पण डेटा काढल्यानंतरच चालवायचं. ४३-४४ अंशाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात, सुताचा कीस पंख्यांत अडकलेल्या पीसीवर, दुपारी डीफ्रॅग लावणाऱ्याला काय म्हणावं, आधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा बे.

याउलट कधी कधी डिस्क ठणठणीत असते पण डीफ्रॅग सुरूच होत नाही, कारण मागे लाइट गेली तेव्हा विंडोजने त्या ड्राइव्हवर "तपासणी बाकी" अशी खूण करून ठेवलीये. मग चेकडिस्क चालवून खूण पुसली गेली की डीफ्रॅग निमूट सुरू होतं.

आणि एक गोष्ट जी बिघाड वाटते पण नाहीये. विस्टापासून विंडोजचं स्वतःचं डीफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे तुकडे म्हणून धरतच नाही. दुसरं टूल मात्र दाखवतं की ही फाइल १२ तुकड्यांत आहे, विंडोजने काहीच केलं नाही. वरचाच हिशोब लावा, ६४ एमबी वाचायला १०० एमबीच्या वेगाने ६४० मिलिसेकंद, त्यावर उडीचे १३, म्हणजे दोन टक्के. त्यासाठी ४० जीबी उचलून दुसरीकडे ठेवण्यात काय शहाणपण आहे?

हलत नसलेली फाइल खरंच नडते ती पार्टिशन लहान करताना. ५०० जीबीचा एकच सी ड्राइव्ह आहे, त्यातून डी ड्राइव्ह काढायचाय, डिस्क मॅनेजमेंटमध्ये श्रिंक म्हटलं तर २०० जीबी मोकळी असूनही फक्त १२ जीबी देतो म्हणतं. कुठेतरी शेवटाकडे एक न हलणारी फाइल बसलीये आणि तिच्या अलीकडे विंडोज यायला तयार नाही. ती कुठली हे ओळखायला अंदाज करू नका, विंडोजने ते लिहून ठेवलेलं असतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, तिथे २५९ नंबरचा इव्हेंट शोधा, त्यात शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नावच असतं. पेजफाइल निघाली तर वर सांगितलं तसं, हायबरफिल असेल तर तसं, सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन दिसलं तर रिस्टोर पॉइंट, ईडीबी असेल तर रिबिल्ड. यूएसएन जर्नल असं काही दिसलं तर ती विंडोजची बदलांची डायरी आहे, एफ-एस-युटिल कमांडने काढता येते आणि नंतर परत बनते, पण बॅकअपची काही सॉफ्टवेअर तिच्यावर अवलंबून असतात, त्यांना त्यानंतर एकदा पहिल्यापासून पूर्ण बॅकअप घ्यावा लागू शकतो. एक फाइल काढली की परत श्रिंक विचारा, आकडा वाढेल, पुन्हा २५९ बघा, आता दुसरं नाव असेल. असं तीन-चारदा करावं लागतं, एका दमात होत नाही. आणि एमएफटीचं नाव येऊन तिथेच अडलं तर विंडोजच्या आतून डोकं लावत बसू नका, पार्टिशनचं एखादं बूट होणारं टूल वापरून विंडोज बंद असताना करा. काम झालं की पेजफाइल, हायबरनेट आणि सिस्टीम प्रोटेक्शन, जे जे बंद केलं होतं ते आठवणीने परत चालू करा, सिस्टीम प्रोटेक्शन तर विशेष, कारण ते बंद राहिलं तर महिनोन्महिने कळतसुद्धा नाही.